बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचलेलं शास्त्र

ॲथलोनमध्ये ज्यांच्या घरी गेल्या काही वर्षांत पाळणा हलला आहे, त्यांना पब्लिक हेल्थ नर्स म्हणजे काय हे सांगायला नको. बाळ-बाळंतीण हॉस्पिटलमधून घरी आली की साधारण ७२ तासांच्या आत ती दार वाजवते, बाळाचं वजन करते, दूध नीट ओढतंय का ते पाहते आणि आईचीही विचारपूस करते. आपण तिला चहा विचारतो, ती बहुधा नको म्हणते, आणि पैसे कोणीच मागत नाही. आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की यामागे केवढं रामायण आहे हे ध्यानातच येत नाही. त्यातला एक धागा या ॲथलोन गावाशी जोडलेला आहे आणि दुसरा थेट आपल्या गडचिरोलीशी. म्हणून हा लेखनप्रपंच.

ॲथलोनचा धागा म्हणजे डॉ. नोएल ब्राऊन. जन्म १९१५ चा, वॉटरफर्डचा. पण बालपणाची काही वर्षं इथे ॲथलोनमध्ये गेली. वडील मुलांवरील अत्याचार रोखणाऱ्या संस्थेत निरीक्षक होते. १९२० च्या दशकात आई आणि वडील दोघंही क्षयाने गेले. अशा घरातला हा मुलगा डॉक्टर झाला आणि १९४८ मध्ये, खासदार म्हणून पहिल्यांदा सभागृहात पाऊल ठेवलं त्याच दिवशी, आरोग्यमंत्रीही झाला. क्षयरोग्यांसाठी त्याने झपाट्याने खाटा उभ्या केल्या. मग 'आई आणि मूल' योजना आणली: सर्व मातांना आणि १६ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. धर्मगुरूंना हे कुटुंबाच्या खासगी क्षेत्रातलं अतिक्रमण वाटलं, तर डॉक्टरांच्या संघटनेला धंद्यावरचं. मंत्रिमंडळाने हात झटकले आणि एप्रिल १९५१ मध्ये ब्राऊन यांनी राजीनामा दिला. १९५३ च्या कायद्यात त्या योजनेचा एक पातळ अवतार आला. सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना जीपीकडे मोफत तपासणी मिळायला मात्र २०१५ साल उजाडावं लागलं, आणि २०२३ मध्ये ही सोय आठ वर्षांखालच्या मुलांपर्यंत गेली.

ब्राऊन यांचा हेतू सोन्यासारखा होता. पण मला वाटतं, योजना राजधानीतून निघाली होती आणि ज्या आयांसाठी होती त्यांना तिच्यात काही बोलायला जागाच नव्हती. भांडण मंत्री, बिशप आणि डॉक्टर यांच्यातच झालं.

आता गडचिरोली. माझं माहेर विदर्भातलं. गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, असं आमच्याकडे मोठी माणसं म्हणायची. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जंगलाच्या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आपण होऊन गेले, तेही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन. तिथे त्यांना शिकवणारे कार्ल टेलर मूळ मसुरीत जन्मलेले. पंजाबातल्या नारंगवाल गावात त्यांनी साध्या आरोग्यसेविकांकडून मुलांच्या आजारांवर उपचार करून घेण्याचा प्रयोग केला होता. जामखेडला १९७० पासून गावातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्यसेविका करणारं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्यही हॉपकिन्सचंच. म्हणजे विद्यापीठ आणि गाव यांची सोयरीक महाराष्ट्रात आधीच जुळली होती.

बंग दांपत्याने 'सर्च' ही संस्था काढली. पहिली प्रयोगशाळा तेंदूपत्त्याच्या गोदामात होती. मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची खूण सोपी: श्वास जलद चालतो. पण मिनिटाला पन्नास की साठ हे मोजायचं कसं? गावच्या दायांना तेवढे आकडे येत नव्हते. तेव्हा वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेलं एक यंत्र तयार केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात तर औषध सुरू. मला सगळ्या गोष्टीत हे यंत्र सर्वांत आवडतं. शास्त्रज्ञाने दाईला आकडे शिकवण्याचा हट्ट धरला नाही, आकडेच मण्यांत ओवून तिच्या हाती दिले. या कामाचा निबंध १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

तरीही नवजात बाळं हाती लागत नव्हती. बहुतेक बाळंतपणं घरी व्हायची. पहिल्या २८ दिवसांतच हजारातली सुमारे ६२ बाळं जायची. निम्म्याहून अधिक बाळांना कसल्या ना कसल्या उपचारांची गरज असे. वैद्यकीय मदत मिळे ती शंभरातल्या दोन-तीन बाळांना. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत बाहेरच्या डॉक्टरला कोण येऊ देणार? गावचीच बाई मात्र जाऊ शकत होती. १९९५ पासून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. बाळाला उबदार पिशवीत ठेवणं, वजन करणं, स्तनपानाला मदत, न रडणाऱ्या बाळाला मास्क लावून श्वास देणं, हे त्यांनी शिकून घेतलं. आणि सर्वांत अवघड म्हणजे जंतुदोष झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन टोचणं.

इथे ब्राऊन आठवतात. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई? प्रश्न गैर नव्हता. म्हणून डॉक्टर दर पंधरवड्याला गावात जाऊन नोंदी तपासत, आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली जाई. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या जवळच राहिला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे प्रसिद्ध केलं. ज्यांच्या हातांनी हे आकडे घडवले, त्यांतल्या अनेकींनी कॉलेजचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये हे काम आशा कार्यकर्तींकडे सोपवलं. हॉस्पिटलात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. इथल्या नर्सची भेट आणि आशाताईची भेट यांत म्हटलं तर फारसा फरक नाही.

एक फरक मात्र आहे. इथली नर्स पगारी, पेन्शनवाली. आशाताईला २०११ मध्ये या सगळ्या भेटी पूर्ण केल्याबद्दल दर बाळामागे २५० रुपये ठरले होते. एकूण मानधन वाढावं म्हणून महाराष्ट्रातल्या आशा २०२१ मध्ये संपावर गेल्या, आणि २०२३ मध्ये पुन्हा.