पेरादीची कैफियत

नाताळच्या सुमारास गोव्यातील ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी मिठाईची जी तबके रवाना होतात, आणि ज्यांस तेथे ‘कोंसुआद’ असे पोर्तुगीज धाटणीचे नाव आहे, त्यांत नेवऱ्या, दोदोल, दोस, कुलकुल, बोलिन्हास या मातब्बर मंडळींच्या दाटीत काही लहानशा, तांबूस, उजेडाकडे धरल्यास किंचित पारदर्शक भासणाऱ्या वड्या एका कडेस मांडलेल्या आढळतात. ही पेराद. पिठाचा, नारळाचा किंवा अंड्याचा तिला स्पर्श नाही. बेबिंकेप्रमाणे वरखाली निखारे ठेवून भाजण्याचा खटाटोपही नाही. पिकलेले पेरू, साखर, लिंबाचा रस आणि ढवळणाऱ्याची चिकाटी एवढ्या सामग्रीवर ती सिद्ध होते. वांद्र्याच्या आणि वसईच्या पट्ट्यातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांतही ती नाताळात होते. मात्र तेथे तिला इंग्रजी अमदानीतले ‘गावा चीज’ हे नाव चिकटले आहे. फळांच्या घट्ट थापलेल्या पाकास ‘चीज’ म्हणण्याचा इंग्रजांचा प्रघात ज्यास ठाऊक नाही, तो या दुधाचा थेंबही नसलेल्या पदार्थात चक्का शोधीत बसतो.

पेराद पोर्तुगीजांनी आणली, असे सांगून बहुतेक लोक हा विषय हातावेगळा करतात. हे विधान खोटे नाही. पण कज्जातील एकाच पक्षाची जबानी घेऊन निवाडा देणाऱ्या मुन्सफाचा उतावीळपणा त्यात आहे. पेरादीचे कूळ शोधू गेल्यास प्रथम पेरूच वाटेतून दूर करावा लागतो आणि आपल्याकडे ज्याचे केवळ बीज परिचित आहे अशा एका निराळ्याच फळापाशी जाऊन थांबावे लागते. काष्ठौषधींच्या दुकानात खोकल्यावर पाण्यात भिजवून घेण्यासाठी ‘बेहदाणा’ म्हणून जे बुळबुळीत बी मिळते, ते ज्या फळाचे, त्या फळास फारसीत ‘बेह’ आणि पोर्तुगीजात ‘मार्मेलु’ म्हणतात. कॉकेशस आणि उत्तर इराणच्या बाजूचे हे फळ सुगंधाने मोहक, परंतु कच्चे खाऊ जाणाऱ्यास तुरट आणि काष्ठवत कठीण लागते. शिजविल्याखेरीज त्याचा उपयोग नाही, आणि शिजविले की मात्र त्याचा फिकट गर हळूहळू माणकासारखा लाल होऊ लागतो. ग्रीकांनी ते मधात मुरविले. डायोस्कोरिडीसने त्या मुरवणाची गणना औषधांत केली. आणि तेराव्या शतकातील अंदलुसी पाकग्रंथात त्याचा गर कुटून मधात आटविण्याचा पाठ आढळतो. पोटास बांधणारे पाचक म्हणून जेवणानंतर घेण्याची ही वस्तू होती. मिष्टान्नाच्या पंक्तीस ती पुढे बसली.

तिला त्या पंक्तीस बसविले ते साखरेने. कौटिल्याने फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे उसाच्या रसाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी शेवटचा इराणातून अरबांच्या हाती गेला आणि अरबांच्या अंमलाबरोबर उसाची लागवड भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिली आणि स्पेनपर्यंत पोहोचली. तोवर साखर ही वैद्याच्या बटव्यातील चीज होती. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी मादैरा बेटावर उसाचे मळे वसविले आणि तेथील घाण्यांनी, अर्थात गुलामांच्या श्रमावर, युरोपातील साखरेचा भाव उतरविला, तेव्हा मधाची जागा साखरेने घेतली आणि वाटीतून चाटावयाचा पाक सुरीने कापता येईल इतका घट्ट करणे शक्य झाले. हीच मार्मेलादा. लाकडाच्या गोल डब्यांत भरून ती परमुलखी जाऊ लागली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लंडन बंदराच्या जकातीच्या दफ्तरात तिची नोंद आहे, आणि १५२४ मध्ये एक्झिटरच्या कुणा हल नामक गृहस्थाने आठव्या हेन्रीस मार्मेलादाचा डबा नजर केल्याचेही नमूद आहे. पुढे इंग्रजांनी ते नाव संत्र्याच्या पातळ मुरंब्यास देऊन टाकले, ही निराळी हकीकत.

या सुमारास पोर्तुगीज अमेरिकेत उतरले होते. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या थंड पठारावर मार्मेलुची झाडे लागली आणि तेथून मार्मेलादाचा व्यापारही चालला. परंतु उष्ण किनाऱ्यावर ते झाड नांदेना. तेथे उसाचे मळे होते, घाणे होते, तांब्याच्या कढया होत्या, आणि दाराशी पेरू पिकून सडत होता. त्यातून गोयाबादा जन्मली, जी आजही तेथे मिनासच्या पांढऱ्या चीजबरोबर ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या नावाने खातात. स्पॅनिश मुलखात, कोलंबियातील वेलेस गावी, याच पाकाच्या घासाएवढ्या वड्या बिहाओच्या पानात बांधून विकतात आणि त्यांस ‘बोकादियो’, म्हणजे लहानसा घास, असे म्हणतात.

१५१० मध्ये आल्बुकर्कने गोवे घेतले आणि त्यानंतर जी गलबते लिस्बनहून मांडवीत येत राहिली, त्यांच्या मागाने अननस, काजू, मिरची या अमेरिकी मंडळींबरोबर पेरूही आला. फिरंग्यास येथे मार्मेलु मिळणे अशक्य होते. त्या झाडास कडक थंडी लागते आणि गोव्यात ती औषधालाही नाही. तेव्हा ब्राझीलने काढलेली तोडच येथे लागू पडली. नावाचा प्रश्नही सहज सुटला. पेर नामक फळाच्या अशाच घट्ट पाकास पोर्तुगीजात ‘पेरादा’ म्हणत, आणि पेरूस त्यांनी पेर मानलेच होते. कोकणीतील ‘पेर’ आणि आपला ‘पेरू’ ही त्याच समजुतीची अपत्ये. उत्तरेस ‘अमरूद’ म्हणणाऱ्यांनीही फारसीतले पेराचेच नाव पेरूस दिले, यावरून हा दृष्टिभ्रम एकट्या फिरंग्यांचा नव्हता, इतके त्यांच्या बाजूने म्हणावयास हरकत नाही.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होते. फळाचा गर टिकविण्याची विद्या कोकणास नवी नव्हती. आंबापोळी आणि फणसपोळी हे तिचेच दाखले, आणि आमरस वस्त्रावर पसरून उन्हात थरावर थर वाळविण्याची कृती भावप्रकाशात ‘आम्रावर्त’ या नावाने दिलेली आहे. मुरंबा, गुळंबा आणि साखरांबा हेही घरोघरी होतेच. मग पेराद आमच्या हातून आपोआप का झाली नाही? याचे उत्तर फळाच्या प्रकृतीत आहे. मार्मेलु आणि पेरू या दोहोंच्या गरात एक गोठविणारे द्रव्य विपुल असते, ज्यास १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने ‘पेक्टिन’ हे नाव दिले. पुरेसे आम्ल आणि शेकडा ६५ च्या आसपास साखर यांच्या सान्निध्यात ते द्रव्य उकळले की निवताना त्याचे जाळे बनते, पाणी त्यात अडकून पडते आणि पाक कायमचा घट्ट होतो. पिकल्या आंब्यात हे द्रव्य बेताचेच. म्हणून आंबेवाल्यास सूर्याची मनधरणी करावी लागते आणि पेरूवाल्याचे चुलीवर भागते. आमच्यापाशी साखर होती, विस्तव होता आणि मुरंब्याची रीतही होती; नव्हता तो केवळ पेरू. तो आल्यावर येथील बायकांस परक्या कृतीचा सराव होण्यास फार प्रयास पडले असतील, असे मला वाटत नाही.

आणि पेरू नुसता आला नाही, तर योग्य ऋतूत फळू लागला. पोर्तुगालात मार्मेलु शरद ऋतूत पिकतो, त्याचा पाक तेव्हाच घालून ठेवतात आणि नाताळापर्यंत तो सुकून मुरतो. आपल्याकडे मृगाच्या पावसावर धरलेला पेरूचा बहार नोव्हेंबरापासून जानेवारीपर्यंत उतरतो आणि वर्षातील सर्वांत गोड, घट्ट फळ तेच. पावसाळी बहाराचा पेरू पाणचट. त्याची पेराद आटता आटत नाही. सणाचा आणि फळाचा असा मेळ बसला नसता, तर ही वडी नाताळाच्या तबकात न येता एखाद्या बरणीत पडून राहिली असती.

जुन्या गोव्यात १६०६ मध्ये आर्चबिशप आलेशु द मेनेझिस याने सांता मोनिकाचा मठ स्थापिला. गोव्याच्या मिठायांचे मूळ विचारले की लोक त्या मठातील संन्यासिनींकडे बोट दाखवितात आणि बेबिंकेसाठी तर बेबियाना नावाची एक संन्यासिनीही काढून देतात. पोर्तुगालातील मठांचे मुदपाकखाने गोडधोडासाठी विख्यात होते, तेव्हा या म्हणण्यास काहीच आधार नाही असे नव्हे. परंतु लोककथेस पाककृतीची सनद मानणे मला प्रशस्त वाटत नाही. कृती टिकविली ती गावागावांतील घरांनी. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल त्या घरी नाताळची कढई चढत नाही आणि मिठाई शेजाऱ्यांकडूनच यावयाची, ही वहिवाट जेथे पाळली जाते, तेथे प्रत्येक घरास आपल्या गरजेहून अधिक करणे भागच असते. वसईचा मुलूख १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला, पुढे इंग्रजांचे निशाण चढले. दफ्तरे बदलली, जकातीची नाकी बदलली, घरात मराठी बोलणाऱ्या तेथील ख्रिस्ती कुटुंबांची नाताळातली कढई मात्र उतरली नाही.

कृती ऐकावयास सोपी आहे. पिकलेले पेरू, त्यांत गोठण्यासाठी थोडे करकरीत, चिरून उकडावयाचे. गर चाळणीतून, अलीकडे पुरणयंत्रातून, काढून बिया वेगळ्या करावयाच्या. गराच्या वजनाइतकी साखर आणि लिंबाचा रस घालून जाड बुडाच्या भांड्यात आटवीत राहावयाचे. खरी परीक्षा येथे आहे, कारण आटत आलेला गर मोठमोठे बुडबुडे फोडून हातावर चटके उडवितो आणि नेमक्या त्याच वेळी ढवळणे थांबविता येत नाही. मिश्रण भांड्याच्या कडा सोडून गोळ्यासारखे एकवटू लागले की तुपकट पाटावर थापून, लाटण्याने सारखे करून निवल्यावर वड्या पाडतात. घाईने उतरविलेली पेराद पाझरते. जास्त आटलेली दातास चिकटते.

वाद उरतो तो रंगाचा. आपल्याकडील पांढऱ्या गराच्या पेरूची पेराद स्वभावतः पिंगट होते, आणि पुष्कळ घरी तीत चिमूटभर तांबडा रंग घालतात. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडतात. माझा तर्क असा की या तांबड्याचा हव्यास लाल होणाऱ्या मार्मेलुकडून, किंवा ब्राझीलच्या लाल गराच्या पेरूकडून, वारशाने आला असावा. मात्र लिस्बनजवळच्या ओदिव्हेलश येथील मठाची मार्मेलादा तिच्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या रंगासाठीच नावाजलेली होती. तेव्हा परंपरेच्या नावाने लाल रंगाची पुडी सोडणाऱ्यांनी तो दाखला देऊ नये हे बरे, आणि पिंगट पेराद करणाऱ्यांनी तो खुशाल द्यावा.