मिझो नॅशनल फ्रंट : सत्तेत गेलेले बंड

१९५९ साली, तेव्हा आसामात असलेल्या मिझो टेकड्यांत बांबू फुलला. त्याचे बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले आणि बी संपल्यावर त्यांनी शेते व कोठारे फस्त केली. अर्धशतकाच्या आसपास एकदा येणारे हे संकट म्हाताऱ्यांच्या स्मरणात होते. जिल्हा मंडळाने आसाम सरकारला आधीच सावधही केले होते, पण त्याकडे लक्ष दिले गेले नाही. भुकेल्या गावांत धान्य पोहोचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या मदत संघटनेतूनच ऑक्टोबर १९६१मध्ये मिझो नॅशनल फ्रंट जन्माला आला. अध्यक्ष होते लालडेंगा : पूर्वी सैन्यात हवालदार, नंतर जिल्हा मंडळात हिशेबनीस. मागण्या दोन होत्या. भारतापासून स्वातंत्र्य, आणि मणिपूर, आसाम, त्रिपुरा, ब्रह्मदेश व पूर्व पाकिस्तान यांत विखुरलेल्या सर्व मिझो-झो जमातींचा एक देश.

१ मार्च १९६६ रोजी फ्रंटने स्वातंत्र्य जाहीर केले. काही दिवसांतच भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर बाँब टाकले. पुढे लष्कराने शेकडो गावे उठवून रहिवाशांना रस्त्यालगतच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत नेऊन बसवले. ही जखम मिझोराममध्ये आजही ओली आहे. पूर्व पाकिस्तानातला आसरा १९७१मध्ये गेला आणि वाटाघाटींखेरीज फारसे काही हाती उरले नाही. १९७६चा करार फिसकटला.

अखेर ३० जून १९८६ रोजी दिल्लीत करार झाला. सरकारतर्फे सही करणारे केंद्रीय गृहसचिव राम प्रधान हे एकेकाळी यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव होते आणि त्याच दिवशी निवृत्त होत होते. फ्रंटने स्वातंत्र्याची मागणी सोडली, शस्त्रे खाली ठेवली. बदल्यात पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. शिवाय संविधानात अनुच्छेद ३७१-जी आले : मिझोंच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढी-कायदा आणि जमिनीची मालकी यांबाबतचा संसदेचा कायदा विधानसभेच्या संमतीशिवाय तिथे लागू होत नाही. मात्र एकीकरणाच्या मागणीला ठोस काहीच मिळाले नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याची पद्धत अनुच्छेद ३मध्ये आहे, पण सरकार याबाबत कोणतेही वचन देऊ शकत नाही, अशी नोंद करारात झाली. लालडेंगांनी त्याखालीही सही केली.

काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहावला यांनी पद रिकामे केले आणि ऑगस्ट १९८६मध्ये लालडेंगा मुख्यमंत्री झाले. सहा महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत फ्रंटने ४०पैकी २४ जागा जिंकल्या. पण १९८८मध्ये पक्षातल्याच आमदारांनी साथ सोडली, सरकार पडले. १९९०मध्ये लंडनमध्ये लालडेंगांचे निधन झाले. पुन्हा जंगलात जाण्याची भाषा त्यांनी केली नाही, हे त्यांच्या पिढीच्या बंडखोरांत मोठेच म्हणावे लागेल.

एकीकरणाची मागणी मात्र विरली नाही. लालडेंगांचे भूमिगत काळातले सहकारी झोरमथांगा १९९८मध्ये मुख्यमंत्री झाले आणि दहा वर्षे राहिले. २०१८मध्ये ते परतले तेव्हा पक्ष भाजपच्या ईशान्येतील आघाडीत होता. तरीही म्यानमारमधल्या २०२१च्या लष्करी उठावानंतर सीमा ओलांडून येणाऱ्या, मिझोंच्या नात्यातल्या चिन निर्वासितांना रोखा, असे केंद्राने बजावले, तेव्हा त्यांनी ते ऐकले नाही. तीस हजारांहून अधिक माणसांना राज्यात आसरा मिळाला. गावकऱ्यांनी आणि चर्चने वर्गणी काढली, मुलांना सरकारी शाळांत घेतले गेले. २०२३मध्ये मणिपूरमधल्या हिंसाचारामुळे तिथून कुकी-झो कुटुंबे आली, त्यांनाही सामावून घेतले. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात पंतप्रधानांसोबत व्यासपीठावर बसणार नाही, असे झोरमथांगांनी सांगून टाकले. नकाशा बदलण्याची मागणी आता सीमेपलीकडच्या रक्ताच्या नात्याची राखण झाली होती, आणि संविधानात राहूनही ती करता येत होती.

मतदारांनी मात्र त्या निवडणुकीत फ्रंटला १० जागांवर आणले आणि झोरमथांगा स्वतःही पडले. नवे मुख्यमंत्री लालडुहोमा हे माजी पोलीस अधिकारी, बंडखोर कधीच नव्हते. पण म्यानमार सीमेवर कुंपण घालण्यास आणि मुक्त ये-जा बंद करण्यास विरोध करणारा ठराव फेब्रुवारी २०२४मध्ये विधानसभेत मंजूर झाला, तो त्यांच्याच सरकारच्या काळात.