मुदतीचा ताप

टायफॉइडला जुन्या पिढीत मुदतीचा ताप म्हणत. ही मुदत कशी भरते, त्याचा हा क्रम. रोगी कोणीही धरा. पेशीतल्या वेळा प्रयोगशाळांतल्या मोजमापांवर बेतल्या आहेत. ती बहुतेक टायफॉइडच्या जंतूच्या भाऊबंदावर, टायफिम्युरियमवर झाली.

दुपारी १:१०. उसाच्या रसाचा पेला. रस डोळ्यांसमोर काढलेला, बर्फ मात्र गोणपाटात गुंडाळून आलेला. ज्या पाण्याचा तो बर्फ, त्यात मैला मिसळला होता. साल्मोनेला टायफीचे लाखभर जंतू पोटात उतरतात.

१:२५. रिकाम्या जठराचा सामू २ च्या आसपास असतो. त्यात बहुतेक जंतू मरतात. पण जळजळ होते म्हणून आठवडाभर आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे. बरेच जंतू पुढे सरकतात.

संध्याकाळी ६:००. लहान आतड्याचं शेवटचं टोक. जंतू सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं अस्तराच्या पेशीत टोचतो. पेशीचा पडदा लाटेसारखा उचलला जातो आणि जंतूला आत ओढून घेतो. काही मिनिटांचं काम. पोटात कळ नाही, जुलाब नाहीत. जंतूच्या अंगावर व्हीआय नावाच्या शर्करेची झूल आहे. त्यामुळे शरीर त्याला नीट ओळखत नाही.

६:४०. अस्तराखालची भक्षक पेशी त्याला गिळते आणि पडद्याच्या पिशवीत कोंडते. पिशवीत आम्ल सोडते.

७:१०. सामू ५ च्या आसपास. एरवी आता पाचक रस ओतले जातात, ऑक्सिजनच्या जहाल रेणूंचा मारा होतो आणि जंतू संपतो. पण आम्ल वाढल्याचं जंतूच्या पडद्यावरच्या फॉक्यू या प्रथिनाला कळतं. त्या खुणेवर दुसरी नळी उभी राहते. ती पिशवीच्या भिंतीतून पेशीत प्रथिनं सोडते. मारा करणारी यंत्रणा पिशवीपर्यंत पोचत नाही. या साऱ्या घटनाक्रमात मला सर्वांत भयंकर वाटतो तो हा अर्धा तास. जे त्याला मारायला सोडलं, त्यावरूनच त्याने ओळखलं की आपण पोचलो.

रात्री ११:००. पिशवीत एकाचे दोन झालेत, दोनाचे चार होताहेत. रोगी जेवून झोपला आहे.

दिवस २. जंतू भक्षक पेशींत बसून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेकडे निघतात.

दिवस १०, रात्री ९:००. अंगात १००.४ ताप. एक पॅरासिटामॉल.

दिवस १२. १०२. कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या ३ गोळ्या सापडतात, त्या घेतल्या जातात. रक्ताचं कल्चर त्याआधी करायला हवं होतं.

दिवस १४. विडाल चाचणी निगेटिव्ह. तापाच्या पहिल्या आठवड्यात ती अशी येऊ शकते. प्रतिपिंडं अजून पुरेशी तयार झालेली नसतात. कागद घडी करून खिशात जातो. कल्चर कोणी सांगत नाही, नवं औषधही कोणी देत नाही.

दिवस १९. १०३. जीभ पांढरी, नाडी तापाच्या मानाने मंद. पित्ताशयातले जंतू पित्तासोबत पुन्हा आतड्यात उतरताहेत. ज्या टोकाला ते पहिल्यांदा शिरले, तिथेच आता व्रण पडलेत.

दिवस २६, पहाटे ४:२०. पोटात उजवीकडे खाली एकदम कळ.

४:३५. घामाने चादर भिजली आहे. आई थर्मामीटर दिव्याखाली धरते. ९७.८. ताप उतरला, असं ती शेजारच्या खोलीत जाऊन सांगते.

४:५०. नाडी १३०. पोट फळीसारखं कडक.