मोबाईलचा विमा : घ्यावा का, कोणता घ्यावा आणि दावा कसा करावा



मागच्या पोळ्याला माझा भाचा नागपूरहून पांढुर्ण्याला आला होता. दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या गर्दीत खिशातला मोबाईल गेला. फोन २२,००० रुपयांचा, किस्ती अजून चालू. विमा काढलेला होता म्हणून तो निर्धास्त होता. महिनाभराने दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले. कारणे दोन. पॉलिसीत ‘चोरी’ म्हणजे जबरदस्तीने हिसकावलेला किंवा कुलूप फोडून नेलेला फोन. नकळत खिशातून गेलेला त्यात बसत नव्हता. शिवाय ठाण्यात दिलेल्या अर्जात ‘फोन हरवला’ असे लिहिले होते. विम्याचे पैसेही गेले आणि फोनच्या किस्ती मात्र भराव्या लागल्या.

त्यानंतर अनेकांनी विचारले, मोबाईलचा विमा घ्यावा की नाही? बँकेतल्या नोकरीत विम्याची कागदपत्रे पुष्कळ हाताळली, त्या अनुभवावरून ही माहिती एकत्र देत आहे.

दुकानात ‘विमा’ म्हणून काय मिळते?

१. कंपनीची वॉरंटी : नव्या फोनवर बहुधा एक वर्षाची. फोनमधील मूळ दोषासाठी असते. फोन पडला, फुटला किंवा भिजला तर चालत नाही.

२. वाढीव वॉरंटी : तेच संरक्षण आणखी एक-दोन वर्षे. फुटणे, चोरी यात नाही.

३. स्क्रीन किंवा अपघाती नुकसानीची योजना : पडणे, फुटणे आणि काही योजनांत पाणी शिरणे. चोरी बहुधा नसते.

४. पूर्ण विमा : नुकसान आणि चोरी दोन्ही. ‘चोरी’ची व्याख्या मात्र वाचूनच घ्यावी. फोन कुठेतरी विसरला तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

दुकानदार या चारही गोष्टींना ‘इन्शुरन्स’च म्हणतो. म्हणून कागदावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर तो विमा नव्हे, सेवा करार आहे. पुढे तक्रार कुठे करायची हे यावरूनच ठरते.

घ्यावा का? साधा हिशेब

जे नुकसान आपल्याला झेपणार नाही, तेच विम्यावर टाकावे. झेपणाऱ्या नुकसानीसाठी आपली बचत बरी.

उदाहरण घ्या. योजनेची किंमत १,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,७७०. स्क्रीन बदलायला ५,००० रुपये लागतात आणि प्रत्येक दाव्याला ९०० रुपये आपण भरायचे. म्हणजे स्क्रीन फुटली तर फायदा ४,१०० रुपयांचा. साधारण सव्वादोन वर्षांतून एकदा स्क्रीन फुटत असेल तरच पैसे वसूल. तुमच्या घरी पाच वर्षांत एकदा फुटत असेल तर तेच १,७७० रुपये दरवर्षी आवर्ती ठेवीत टाकलेले बरे. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या फोनचे घालून पाहा.

माझे मत असे :

- घरी वापरायचा साधा फोन : विमा नको. चांगले कव्हर आणि काच पुरे.
- कॉलेजला बाहेरगावी असलेली मुले : स्क्रीन किंवा अपघाती नुकसानीची योजना विचारात घ्यावी.
- ज्यांचा धंदाच फोनवर चालतो, संत्र्याचे सौदे, डिलिव्हरी, दुकानाचे व्यवहार, आणि नवा फोन लगेच घेणे जड जाईल : चोरीसह पूर्ण विमा.
- दोन-तीन वर्षे जुना फोन : नको. घसारा वजा जाऊन हाती फार थोडे येते.

घेताना काय तपासावे?

- दर दाव्याला आपण किती भरायचे आणि वर्षाला किती दावे चालतात.
- घसारा कसा कापतात. २२,००० चा फोन गेला म्हणजे २२,००० मिळतील असे नाही.
- अधिकृत सेवा केंद्र सर्वात जवळ कुठे आहे.
- फोन किस्तीवर घेताना बिलात विमा आपोआप जोडलेला नाही ना. नको असेल तर काढायला सांगा.
- दरवर्षी खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली गेली नाही ना.
- बिल वापरणाऱ्याच्या नावावर आहे का आणि त्यावरचा आयएमईआय क्रमांक फोनशी जुळतो का. फोनवर *#०६# दाबले की क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवा.

फोन गेला तर

१. आधी सिम बंद करा आणि बँकेला कळवून यूपीआय व मोबाईल बँकिंग थांबवा. मोबाईलचा विमा खात्यातले पैसे भरून देत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

२. पोलिसांत घडले तसेच लिहा. चोरी झाली असेल तर ‘चोरी’च लिहा आणि एफआयआर मागा. हरवला असेल तर चोरी लिहू नका. खोटी तक्रार अंगलट येते. फोन नागपूरला किंवा गाडीत चोरीला गेला तरी तक्रार आपल्या ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

३. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. तक्रारीची प्रत आणि त्याच नंबरचे नवे सिम लागते. ही सोय फुकट आहे, विमा असो वा नसो.

४. विमा कंपनीला पॉलिसीत दिलेल्या मुदतीत कळवा. मुदत अनेकदा एक-दोन दिवसांचीच असते. फुटलेला फोन त्यांना विचारल्याशिवाय बाहेर दुरुस्त करू नका.

दावा नाकारला तर

नकार लेखी मागा. प्रथम विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मध्य प्रदेशासाठी त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. विमा नियामकाचा क्रमांक १५५२५५.

सेवा करार असेल तर लोकपाल चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आणि त्यानंतर ग्राहक आयोग. आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आपल्यापैकी बरेच जण फोन नागपुरातून आणतात. तक्रारीसाठी महाराष्ट्रात जावे लागेल असे समजून गप्प बसू नका. लोकपाल असो वा आयोग, तक्रार करणारा जिथे राहतो तिथूनही दाद मागता येते.

पॉलिसीचे कागद इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात. पांढुर्णा-सौंसरच्या कोणालाही समजले नाहीत तर मंडळाच्या बैठकीला घेऊन यावेत. चष्मा लावून सोबत बसून वाचू. फक्त सही करायच्या आधी आणा, एवढीच विनंती.