वाट कोणाला किती लांब?

अकोल्याहून वाशिमकडे निघाले की पातूरनंतर आणि मालेगावच्या आधी मेडशी लागते. तिथल्या शेतकऱ्याला विचारा, शेत किती लांब? तो चटकन सांगेल. पण पाणी, बाजार, शाळा, दवाखाना यांसाठी घरातली माणसे रोज किती चालतात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ही वाट कशाने वाढते आणि कशाने घटते, हे जुन्या पुण्याकडे पाहिले म्हणजे चांगले समजते.

पेशवाईत पुणे पेठापेठांनी वाढले. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले गेले आणि ठिकठिकाणी हौद झाले. घागर घेऊन नदीवर जाण्याचा फेरा वाचला. वस्तीची आखणी नीट असली की पायांचे कष्ट असे कमी होतात.

पण कोणाचे? अस्पृश्य मानलेल्या बाईला तो हौद हाकेच्या अंतरावर असूनही बंद होता. तिला पाण्यासाठी दुसरीकडे जावे लागे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद या लोकांना खुला केला. हौद होता तिथेच राहिला, तरी कित्येक घरांची वाट त्या दिवशी आखूड झाली.

शाळेचेही तसेच. १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक चिखल-शेण टाकीत. त्याच रस्त्याने पुरुष मंडळी बिनघोर जात होती! पुढे १८५१ साली रास्ता पेठेत आणि १८५२ साली वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. शाळा आपल्याच पेठेत आली म्हणजे धाकट्या मुलीला परक्या आळ्या ओलांडाव्या लागत नाहीत, आणि आईबापही तिला पाठवायला धजतात.

तेव्हा अंतर नुसते कोसांत मोजून भागत नाही. चालणारा कोण, त्याचे वय काय, कडेवर मूल आहे की डोक्यावर हंडा, आणि वाटेत त्याला कोणी अडवतो का, हेही पाहावे लागते.

गुरुजी, बाई, एक करा. मुलांना गावाचा नकाशा काढायला सांगा. घरापासून नळ, दुकान, शाळा, दवाखाना दाखवू द्या. मग प्रत्येकाने घरी आजीला विचारावे, "यातल्या कोणत्या ठिकाणी तू एकटी जाऊ शकतेस?" पुढच्या ग्रामसभेत ती उत्तरे वाचून दाखवा.