रविवार कोणाचा?

मंडळी, रविवारी आपण व्याख्यानाला निवांत जमतो. पण ही सुटी कोणी दान दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवून ती मागितली. मालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. आमच्या बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार मात्र उचल घेऊन सहा-सहा महिने परमुलखी फडात राबतो. नवराबायको मिळून एक कोयता. आजारपणात दिवस गेला तरी खाडा धरून पैसे कापतात. त्याला वार ठाऊक, तो बाजाराचा. लोखंड्यांचा रविवार त्याच्या कोपीपर्यंत पोहोचेल, तेव्हाच ती लढाई जिंकली, असे आम्ही म्हणू.