तेरेझीनचा चित्रकलेचा तास

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास बहुधा शेवटी असतो. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला, की हाच तास उसना घेतात आणि परत करायचे विसरतात. पालकांनाही त्याचे फारसे सोयरसुतक नसते. "आमचा मुलगा पुढे चित्रकार थोडाच होणार आहे?" हा प्रश्न ड्रॉइंग मास्तर म्हणून माझ्या वाट्याला किती वेळा आला, त्याची गणती नाही. प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतली उत्तरे मी वाचली. पण मनाला पटले ते उत्तर मला इतिहासात मिळाले. चित्रकार व्हायला लागते तेवढे आयुष्यही जेथील बहुतेक मुलांना लाभले नाही, अशा एका गावातल्या चित्रकलेच्या तासाचा हा इतिहास आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ही हकिकत वाढावी की नाही, असा विचार मनात येऊन गेला. दुःखाची आहे खरी. पण घरातल्या मुलांना जवळ बसवून वाचून दाखवावी अशीही आहे.

आधी थोडे मागे जाऊ. शाळेत चित्रकला शिरली ती मुलांच्या आनंदासाठी नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपाला कारखान्यांसाठी चांगले कारागीर हवे होते आणि कारागिराचा हात घडवायचा म्हणजे रेघ सरळ आली पाहिजे. म्हणून नमुना समोर ठेवायचा, आणि तो हुबेहूब उतरवायचा. आपल्याकडे मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले, तेही याच वाऱ्यावर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आपण घोटलेले तांब्या-भांड्यांचे वस्तुचित्र आणि दोन्ही बाजूंना सारखी यायलाच हवी अशी नक्षी, ही त्याच घराण्यातली. त्या शिस्तीला मी नावे ठेवणार नाही. हात बसतो तो तिनेच. पण त्या शिस्तीत मूल कोठे असते, हा प्रश्न मात्र उरतो.

तो प्रश्न व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक नावाच्या तरुणाला पडला. चित्रकला शिकायला १८८५ साली तो त्या शहरात आला आणि एका सुताराच्या घरी भाड्याने राहिला. त्या घरातली मुले त्याचे रंग घेऊन खेळत. समोरच्या लाकडी कुंपणावर गल्लीतली मुले खडूने चित्रे काढीत आणि जागेसाठी भांडत, असेही तो पुढे सांगत असे. या मुलांना कोणी शिकवले नव्हते; तरी त्यांच्या चित्रांना स्वतःचे नियम होते. मोठ्यांची चित्रकला अर्धवट जमली म्हणजे मुलांची चित्रकला होते, असे नाही. ती वेगळीच वस्तू आहे, हे चिझेकने ओळखले. १८९७ साली त्याच्या मुलांच्या वर्गाला सरकारी मान्यता मिळाली. तेथे गिरवायला नमुने नसत. मुलांनी आपल्या मनातले काढायचे.

याच चिझेकच्या हाताखाली काही काळ शिकलेली एक मुलगी म्हणजे फ्रीडल डिकर. जन्म व्हिएन्नाचा, १८९८ चा. आई लहानपणीच गेली. वडील कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीला होते, म्हणजे कागदाशी तिचे नाते घरातलेच. पुढे ती योहानेस इट्टेन यांची विद्यार्थिनी झाली आणि १९१९ साली त्यांच्याबरोबर जर्मनीत वायमारला, नव्याने निघालेल्या बाउहाउस या कलाशाळेत गेली. बाउहाउसच्या चित्रकारांची चित्रे १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या प्रदर्शनात मांडली गेली होती, आणि त्यांत इट्टेन यांचीही होती. इट्टेन यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी. आधी श्वास सावकाश घ्यायचा, हात मोकळे करायचे, मग एखाद्या तालावर रेघ ओढायची. खरखरीत आणि गुळगुळीत, काळे आणि पांढरे, जड आणि हलके यांची जोडी लावून पाहायची. जुन्या थोर चित्रांची नक्कल न करता ती उभी कशी राहिली आहेत ते शोधायचे. फ्रीडलने हे सारे उचलले. पुढे तिने कापड विणले, खुर्च्या-टेबले आणि घरांच्या आतल्या सजावटी रेखाटल्या, नाटकांसाठीही काम केले.

१९३४ साली राजकीय कामावरून तिला व्हिएन्नात अटक झाली. सुटका झाल्यावर ती प्रागला आली. तेथे जर्मनीतून पळून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. १९३६ साली पावेल ब्रँडाइस यांच्याशी तिचा विवाह झाला. ती ज्यू होती. हिटलरचे सैन्य १९३९ च्या मार्चात प्रागमध्ये शिरले आणि एकेक दार बंद होत गेले. १९४२ च्या डिसेंबरात नवरा-बायकोला तेरेझीनला नेण्यात आले. माणशी पन्नास किलो सामान नेण्याची मुभा होती. त्या पन्नास किलोंत फ्रीडलने मुलांसाठी चित्रकलेचे सामान भरले.

किल्ला म्हटला, की या दिवसांत आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे अंगणातली माती, अळीवाची हिरवळ आणि वर बसलेले शिवाजी महाराज येतात. तेरेझीनही किल्लाच. प्रागच्या उत्तरेला सुमारे साठ किलोमीटरवर सम्राट दुसऱ्या योसेफने १७८० मध्ये तो बांधायला घेतला आणि त्याला आपल्या आईचे, मारिया तेरेसाचे नाव दिले. पाच-सात हजार माणसे राहावीत अशी त्या गावाची बेताची वस्ती. १९४२ च्या सप्टेंबरात नाझींनी तेथे जवळजवळ अठ्ठावन्न हजार माणसे कोंबली होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार लोक तेथे आणले गेले. त्यांतले तेहतीस हजारांच्या आसपास उपासमारीने आणि रोगराईने तेथेच मेले. अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास लोकांना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे व इतर छावण्यांकडे पाठवले.

मुलांना रीतसर शिकवायला बंदी होती. गणित, इतिहास, भूगोल हे विषय चोरून शिकवायचे आणि एका मुलाला दारावर पहाऱ्याला उभे करायचे. गाणे, हस्तकाम आणि चित्रे यांना मात्र परवानगी होती, कारण ते शिक्षण आहे असे अधिकाऱ्यांना वाटत नव्हते! हा विनोद चित्रकलेच्या शिक्षकाला चांगलाच कळेल. सगळीकडे ज्या तासाला कोणी मोजत नाही, तोच तेरेझीनला उघड्या दाराने चालू शकला.

दहा ते सोळा वर्षांच्या मुलींचे 'एल ४१०' हे वसतिगृह, आणि आजूबाजूची मुलांची घरे. तीनमजली फळ्यांवर झोपायचे, आणि मधल्या जागेत तास. कागद कमी, म्हणून कचेरीतल्या वापरलेल्या फॉर्मांच्या पाठी, गुंडाळायचे कागद, जुन्या पुस्तकांची पाने, जे मिळेल ते. रंग संपले, तर रंगीत कागदाचे तुकडे फाडून डकवायचे. आज त्या चिकटचित्रांकडे पाहताना डोंगराच्या आडून छापील रकाने आणि आकडे डोकावताना दिसतात. ज्या कागदांवर माणसांचे हिशेब मांडायचे, त्यांवर मुलींनी झाडे लावली.

बाउहाउसच्या थोरल्या विद्यार्थ्यांना जे शिकवीत, तेच फ्रीडल या उपाशी मुलींना शिकवीत होती. तालावर रेघा, पदार्थांचे स्पर्श, जुन्या चित्रांचे छापील नमुने समोर ठेवून त्यांची मांडणी. आणि मग मोकळे चित्र. मुलींनी काय काढले? थोड्याच चित्रांत पहारेकरी आहेत, इस्पितळ आहे, जेवणाची रांग आहे. बाकी सगळी फुले, फुलपाखरे, घरे, आगगाड्या, सणाच्या दिवशी मांडलेले टेबल. त्याच वसतिगृहातल्या हेल्गा वाइसोव्हा या मुलीला तिच्या वडिलांनी जे दिसते ते काढायला सांगितले होते. तिने छावणीच काढली, आणि ती चित्रे आज मोलाचा पुरावा आहेत. फ्रीडलचा मार्ग दुसरा होता. डोळ्यांसमोर जे आहे तेवढेच जग आहे, असे मुलांना वाटू लागू नये, यासाठी तिची धडपड होती. यात खोटी समजूत नव्हती. घर होते, टेबल होते, बाग होती. ते आठवणे हे सत्यच होते.

१९४३ मध्ये तिने तेथल्या शिक्षकांपुढे मुलांच्या चित्रांवर व्याख्यान दिले. त्यातला मुद्दा असा, की चित्रकलेचा तास सगळ्या मुलांना चित्रकार करण्यासाठी नसतो. मुलाची कल्पनाशक्ती, त्याची निरीक्षणाची आणि स्वतः ठरवण्याची ताकद जागी ठेवणे, हे त्याचे काम. मोठ्यांनी घाईने वाट आखून दिली, तर मूल स्वतःच्या वाटेपासून तुटते. माझ्या वाट्याला आलेल्या प्रश्नाचे उत्तर असे छावणीत देऊन ठेवलेले होते.

आणखी एक गोष्ट ती करीत असे, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. मुलींना ती चित्रावर नाव घालायला लावी. छावणीत प्रत्येकाला गाडीचा आणि यादीचा क्रमांक मिळालेला होता. चित्राच्या कोपऱ्यात मात्र पूर्ण नाव, कधी वय, कधी खोली. स्वतः तिने तेथे काढलेल्या पुष्कळ चित्रांवर सही नाही.

१९४४ च्या सप्टेंबरअखेर पावेलला पूर्वेकडे धाडण्यात आले. तिने आपणहून पुढच्या गाडीत नाव दिले. ६ ऑक्टोबरला ती निघाली. तिच्या कित्येक विद्यार्थिनी त्याच गाडीत होत्या. ऑशविट्झला तिचा अंत झाला. पावेल वाचले. जाण्यापूर्वी मुलांची चित्रे दोन बॅगांत भरून ठेवलेली होती. १९४५ च्या ऑगस्टअखेर विली ग्रोआग नावाच्या, मुलींच्या वसतिगृहात काम केलेल्या तरुणाने त्या प्रागच्या ज्यू समाजाच्या कचेरीत आणून दिल्या. उघडल्या तेव्हा आत जवळजवळ साडेचार हजार चित्रे होती.

मग कोपऱ्यातली नावे कामी आली. चित्रावरचे नाव छावणीच्या याद्यांशी ताडून पाहता आले. सुमारे सहाशे साठ मुलांची चित्रे. त्यांतली साडेपाचशे मारली गेली होती. कित्येकांच्या मागे रडायलाही कोणी उरले नव्हते. एक कागद उरला होता. आज यांतली काही चित्रे प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर ठेवलेली आहेत. खाली भिंतींवर मारल्या गेलेल्या सुमारे ऐंशी हजार लोकांची नावे लिहिली आहेत. खालच्या मजल्यावर नुसते नाव वाचायचे, आणि वर त्यांतल्या एखाद्या नावाचे फुलपाखरू पाहायचे.

तेरेझीनच्याच मुलांच्या वसतिगृहात पेत्र गिन्झ नावाचा मुलगा होता. चंद्रावर उभे राहून पृथ्वी कशी दिसेल, याचे चित्र त्याने काढले. १९४४ साली, सोळाव्या वर्षी, तो ऑशविट्झला मारला गेला. त्या चित्राची प्रत इलान रामोन या अंतराळवीराने 'कोलंबिया' यानातून बरोबर नेली. आपली कल्पना चावला त्याच यानात होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान फुटले आणि सातही जण गेले. पेत्रचा जन्मदिवस १ फेब्रुवारीच होता.

आणि फ्रीडलची शिकवण? प्रागमध्ये तिच्या हाताखाली शिकलेली एडिथ क्रेमर १९३८ साली अमेरिकेला गेली. घायाळ मनाच्या मुलांना चित्रांच्या साहाय्याने सावरण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्यांत तिचे नाव अग्रभागी घेतात.

आता कोणी विचारले, की पोरगा चित्रकार थोडाच होणार आहे, तर मी वाद घालीत नाही. बहुतेक मुले होणारच नाहीत. त्या साडेपाचशेंपैकी तर एकही झाले नाही. तरी त्यांचा तास वाया गेला असे म्हणण्याची हिंमत कोणाला होईल? म्हणून सुट्टीत मुलाने कागद पुढे केला, तर हत्तीला पाय किती, एवढेच पाहू नका. कोपऱ्यात नाव घातले आहे ना, तेही पाहा. नसले तर घालायला सांगा.